दारवालीची आखूड गाडी

माणूस घरात नसताना त्याच्या वाटणीची भाकरी खाल्लीत तर एक वेळ खपून जाईल. पण त्याच्या गाडीचे मधोमध दोन तुकडे करायचे, आणि वर तोंड करून म्हणायचं, "तुझ्यासाठीच केलं"? आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? दारवालीच्या घरात हेच झालं. आणि ज्यांनी केलं ते कोणी परके नव्हते हो, पोटचा मुलगा आणि सख्खा दीर.

दारवाली म्हणजे जुन्या दारांचा धंदा करणारी बाई. घर पाडायला काढलं की ही तिथे हजर. भिंती कोणीही पाडाव्यात, दारं मात्र हिने उतरवायची. घरी आणून तासायची, बिजागऱ्या बदलायच्या, कुजलेली पट्टी काढून नवी घालायची, पॉलिश मारायचं आणि कोणाच्या तरी नव्या घरात स्वतः नेऊन बसवून द्यायची. या धंद्यात एक नियम पक्का. दार न्यायचं ते सपाट, पाठीवर निजवून. उभं नेलं तर गचक्यांनी सांधे खिळखिळे होतात, आणि मागे बाहेर लोंबत नेलं तर खालची पट्टी पहिल्या खड्ड्यात फुटते. म्हणून गाडीला हौदा लांब हवा. दार आत निजलं पाहिजे आणि मागचा फाळका पूर्ण बंद झाला पाहिजे.

अशी गाडी तिच्याकडे होती. जुन्या घडणीची पिकअप, गोल दिव्यांची, पुढे बोनेटचं फुगीर नाक, आणि मागे भलामोठा लांब हौदा. नवऱ्याने घेतलेली. नवरा गेला तेव्हा हिला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांची दारं तर पोचवायची होती. पहिल्याच दिवशी शेजाऱ्याचं कुंपण पाडलं, दुसऱ्या दिवशी स्वतःचं पाडलं, आणि मग मात्र चालवायला लागली ती लागलीच. त्या हौद्यातल्या दारांवर मुलाचं शिक्षण झालं, लग्न झालं, घरावर पक्कं छप्पर आलं. हे मुलाला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, म्हणूनच तर राग येतो.

त्याचं झालं असं, की एक जड दुपाखी दार उतरवताना शिडी सरकली आणि दारवाली खुब्यावर पडली. हाड मोडलं, आत सळई घातली. हॉस्पिटल बहिणीच्या घराजवळ, म्हणून चालायला लागेपर्यंत मुक्काम बहिणीकडे. तिथून ती रोज फोन करायची. आधी सुनेशी बोलायची, मग मुलाशी, आणि शेवटी विचारायची, "गाडी सुरू करतोस ना रे मधून मधून? नुसती उभी ठेवू नकोस, बॅटरी बसेल."

"गाडी मजेत आहे," मुलगा म्हणायचा.

मजेत! काय म्हणावं या जिभेला.

बहिणीकडे बसून बसून तिला कंटाळा आला, तेव्हा कोणालाही न सांगता ती टॅक्सी करून घरी आली. काठी टेकत फाटकातून आत शिरली आणि तिथेच थबकली. अंगणात गाडीचं तोंड एकीकडे होतं आणि ढुंगण दुसरीकडे. इंजिन आणि केबिन पुढे लोखंडी घोड्यांवर टेकवलेली, मागची चाकं आणि पाटे मागे, आणि मधल्या मोकळ्या जागेतून शेजारचं मांजर शेपटी वर करून निवांत चाललं होतं. जुना लांब हौदा भिंतीला उभा टेकलेला. जमिनीवर दुसराच कुठलातरी आखूड हौदा पडलेला, निळ्या रंगाचा. आणि तिची पॉलिश केलेली दोन दारं ओट्यावर आडवी टाकून त्यांच्यावर ग्राइंडर, वेल्डिंगच्या कांड्या आणि चहाचे कप. ठिणग्यांनी त्या दारांवर काळे ठिपके पडले होते.

ती ओरडली नाही. पहिल्यांदा तिला वाटलं चोर आले असावेत. चोर निदान सगळी गाडी नेतात, हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

"अगं आई! तू कशी आलीस?" मुलगा गाडीखालून सरपटत बाहेर आला. तोंडभर काजळी.

"पायांनी आले. हे काय आहे?"

"आई, तू आधी बस बघू."

"हे काय आहे, विचारते मी!"

तेवढ्यात दीर वेल्डिंगचा मुखवटा वर सरकवून पुढे आला. हा दीर फाटकं बनवतो. गावभर निम्म्या घरांना याची फाटकं आहेत. हाताला चांगला, माणूसही गरीब, पण पुतण्याने 'काका' म्हणून हाक मारली की डोकं घरी ठेवून निघायचं, ही त्याची जुनी खोड.

"वहिनी, रागावू नका," तो म्हणाला. "काम अजून पुरं झालेलं नाही, म्हणून असं दिसतंय. झालं की बघा, ओळखणार नाही तुम्ही."

"ओळखत नाहीये मी आत्ताच!"

मग एकेक बाहेर आलं. मुलगा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतो. तिथे त्याची जुन्या गाड्यांच्या शौकिनांशी ओळख झाली. या लोकांचा मेळावा भरतो मैदानावर, गाड्या चकाचक करून आणतात, एकमेकांची बोनेटं उघडून आत डोकं घालतात. त्यांच्यात लांब हौद्याच्या पिकअपला कोणी विचारत नाही. ती हमाल. आखूड हौद्याची ती नवरदेव. बनावट तीच, इंजिन तेच, फक्त चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड. मग या शहाण्याच्या डोक्यात आलं, की आपलीही आखूड करावी. घरच्या घरी. काका आहेच. चासीचे दोन लांब लोखंडी दांडे असतात, त्यांतून मधला तुकडा कापून काढायचा, मागची बाजू पुढे ओढायची आणि पुन्हा जोडायचं. सांगायला काय जातंय!

"मेळाव्यात न्यायची होती," मुलगा म्हणाला. "आणि तसंही आई, आता तू कुठे दारं वाहणार? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांनी माझा पाय बघितलाय. गाडी नाही बघितली."

"तुझ्यासाठीच केलं गं. गाडी लांब राहिली असती तर तू उद्या परत चढली असतीस शिडीवर. तुझा स्वभाव मला माहीत नाही का?"

म्हणजे बघा हं! कापायची शौकासाठी आणि बिल फाडायचं आईच्या नावावर. दारवालीच्या कानशिलात रक्त चढलं. तिने काठी जमिनीवर आपटली. सून धावत आतून एक ठेंगणा बाक घेऊन आली आणि तिला बसवलं. बाक दणकट होता. लोखंडी पाय, वर जाड फळी. दारवाली बसली, काठी दोन्ही हातांत उभी धरली आणि म्हणाली, "मला विचारलंत?"

मुलगा हातातला पाना पुसायला लागला.

"या घरातल्या एकाने तरी मला विचारलंत का? फोन होता ना? रोज बोलत होते ना मी? डोक्याला तेल लावलंय का विचारलंत, दूध प्यायलीस का विचारलंत. गाडी कापू का, एवढं विचारायला जीभ झडली असती?"

"मी म्हटलं होतं यांना," सून हळूच म्हणाली. "आईंना विचारा म्हणून."

"म्हटलंस, मग फोन का नाही केलास? तू तर माझ्याशी सगळ्यांत आधी बोलायचीस! तोंडाला कुलूप होतं?"

सुनेने मान खाली घातली. ती बिचारी मध्ये सापडली होती, पण दारवाली त्या दिवशी कोणाला बिचारी म्हणायच्या मनःस्थितीत नव्हती.

"बरं," ती म्हणाली, "कापलीत तर कापलीत. मग जोडली का नाहीत? मेळावा जवळ आलाय म्हणता, आणि गाडी अशी फाटक्या विजारीसारखी का पडलीये?"

आता दीर घसा खाकरायला लागला. मुलगा त्याच्याकडे बघायला लागला. दोघेही एकमेकांना 'तूच सांग' म्हणून खुणावत होते.

"जोडली होती," शेवटी दीर म्हणाला. "काल जोडली होती. पण हा निळा हौदा वर ठेवला तर केबिनला थडकला. बसेचना. म्हणून आज परत कापली."

"थडकला कशाने?"

"चासी जरा जास्त आखूड झाली."

"जास्त आखूड झाली, म्हणजे आपोआप झाली? पावसात आटली?"

"त्याचं काय आहे वहिनी," दीर कावराबावरा झाला, "माझा हात फाटकाचा. फाटक कधी मापाला मापभर कापत नाहीत. दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडावी लागते, नाहीतर ते फिरत नाही, खांबाला घासतं. जन्मभर तेच केलंय. याने खडूने रेघ मारून दिली, आणि माझ्या हाताने सवयीप्रमाणे जागा सोडली. दोन्ही टोकांना."

"फाटकासाठी."

"हो."

"गाडीला कुठे फिरायचं होतं बिजागरीवर?"

सुनेला हसू फुटलं आणि तिने पदराने तोंड दाबलं. दारवालीलाही क्षणभर हसू येणार होतं, पण तिने ते गिळलं. हसली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं, चहा झाला असता, आणि गाडी आखूडच राहिली असती. हे तिला चांगलं ठाऊक होतं. या घरात आजवर कितीतरी गोष्टी अशाच तिच्या हसण्यावर मिटवल्या गेल्या होत्या.

"म्हणजे आता परत तुकडा घालून लांबवावी लागणार," ती म्हणाली.

"बोटभराचा तुकडा," मुलगा घाईने म्हणाला. "काका आज बसवतील."

"लांबवायचीच आहे ना? मग पुरती लांबवा. जेवढी होती तेवढी. आपला हौदा भिंतीला उभा आहे, तो परत चढवा."

"आई, असं काय करतेस! मेळाव्यात सगळ्यांना सांगून बसलोय मी."

"मीही सांगून बसलेय. गिऱ्हाइकांना. ते समोर ठिपके पाडून ठेवलेत ना, ती दोन दारं कोणाच्या तरी घरची आहेत. त्यांना काय सांगू, की माझा मुलगा नवरदेव घडवत होता?"

मुलाचा चेहरा लाल झाला. त्याने हातातला पाना जमिनीवर टाकला. "तू पडलीस तेव्हा तुला मी उचलून नेलंय," तो म्हणाला. "तू डोळे फिरवले होतेस. मला वाटलं संपलं. ते बघितल्यावर तुला परत त्या गाडीत बसू देऊ मी? तू सांग ना!" त्याचा आवाज फाटला होता.

हे त्याने आजवर एकदाही सांगितलं नव्हतं. पण दारवालीचा राग ओसरला नाही, उलट त्याला नवीन जागा मिळाली.

"मग ते माझ्याशी बोलायचंस," ती म्हणाली. "भीती वाटते म्हणायचंस. मी तुझी आई आहे, तुझ्या भीतीला हसले असते का मी? ते सोडून तू ग्राइंडर घेतलास. मी आजारी होते रे, मेले नव्हते. माणूस मेल्यावर त्याच्या वस्तूंची विल्हेवाट लावतात. जिवंतपणी लावलेली मी आज पहिल्यांदा बघितली."

मुलाने खाली टाकलेला पाना उचलला. ते मांजर आता निळ्या हौद्यात शिरून बसलं होतं.

"तुकडे कुठायत?" दारवालीने विचारलं.

"कसले?"

"कापून काढलेले. चासीचे. भंगारात घातलेत?"

दीर जमिनीकडे बघायला लागला. मुलगा आभाळाकडे. सून सासूकडे, म्हणजे सासूच्या जरा खाली, ती बसली होती तिथे.

दारवालीने वाकून बाकाचे पाय बघितले. दोन जाड लोखंडी तुकडे, आतून पन्हळीसारखे पोकळ, बाहेरून काळे. एकावर तिच्या नवऱ्याने कधीतरी मारलेला तांबडा रंग अजून चिकटून होता. वरची फळी तर तिच्याच एका दाराची.

"तुमच्यासाठीच केला," दीर पुटपुटला. "म्हटलं, वहिनी आता घरात बसणार, तर बसायला काहीतरी घट्टमुट्ट हवं. वाया कशाला घालवायचं."

ऐकलंत? बाईची गाडी कापायची आणि त्याच लोखंडावर तिला कायमची बसवायची! आणि हे सगळं प्रेमाने बरं का! वैऱ्याने केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. प्रेमाने केलेल्याला काय देणार?

दारवाली उठली. कोणाचाही हात न धरता, काठीवर भार टाकून उठली. खुब्यातून कळ मस्तकात गेली. तिने काठीने बाक उलटा पाडला.

"भावजी," ती म्हणाली, "हे सोडवा. आत्ता. माझ्यासमोर. आणि जिथलं होतं तिथे लावा. बोटभरसुद्धा जागा सोडायची नाही."

"पण वहिनी, दोन जोड आले म्हणजे दांडा कच्चा..."

"पट्ट्या मारा आतून. ट्रकवाले मारतात, तुम्ही मला कितीदा सांगितलंयत. सांगताना येतं, मग करताना का नाही?"

दिराने मुखवटा खाली ओढला. बहुतेक तोंड लपवायलाच.

मग कामाला लागले सगळे. पुढून मागे आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात सुतळ्या ताणल्या, चासी वाकडी जोडली जाऊ नये म्हणून. दोन्ही तुकडे जागी बसवले, आतून जाड पट्ट्या मारल्या. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा यांनी आधीच लेथवाल्याकडून आखूड करून आणला होता. तो परत लांब करायला नेला तेव्हा लेथवाला म्हणाला, "तुमच्याकडे गाडी आहे की दुर्बीण?" ब्रेकची नळी नवीन घातली. जुना हौदा चढवला. दारवाली ओट्यावर उभी राहून सगळं बघत होती. सून खुर्ची घेऊन आली तर तिला तशीच परत पाठवलं. मेळाव्याला मुलगा रिकाम्या हाताने गेला आणि तोंड पाडून आला. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिने ते त्याला दाखवलं नाही.

गाडी तयार झाली. दारवालीने केस बांधले, कामाची जाड विजार चढवली आणि केबिनमध्ये चढली. चढताना कोणाचा हात घेतला नाही. किल्ली फिरवली, इंजिन खोकलं, मग नीट बोलायला लागलं. सगळं घर अंगणात उभं होतं. तिने क्लचवर पाय ठेवला आणि दाबला.

पाय गेलाच नाही. अर्ध्यावर खुबा अडला. तिने दात खाऊन पुन्हा दाबला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटून बघितला. क्लच तिथेच, पाय तिथेच. ती स्टिअरिंगवर मुठी आपटायला लागली. एवढं भांडून, एवढं जोडून घेऊन, शेवटी दगा दिला तो स्वतःच्याच हाडाने! सगळ्यांवर चिडता येतं. या मेल्या पायावर कोणत्या तोंडाने चिडायचं?

'बघ, सांगितलं होतं' असं त्या क्षणी कोणी म्हणालं असतं, तर तिने त्याचं तोंड पुन्हा बघितलं नसतं. कोणी म्हणालं नाही. मुलगा केबिनच्या दाराजवळ आला आणि नुसता उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

तिने हातांनी पाय क्लचवरून उचलून बाजूला घेतला. मग ती सीटवरून पलीकडे सरकली.

"बस," ती म्हणाली. "गाडी माझी, पाय तुझा. आणि मी सांगेन तिथे वळवायची. रस्ता मला शिकवायचा नाही."

सुट्टीच्या दिवशी मग अशी दारं निघू लागली. काळे ठिपके पडलेली दोन दारं मुलाने घासून, पुन्हा पॉलिश मारून आणली. ठिपके गेले नाहीत पूर्ण. ज्यांची होती त्या घरमालकाला दारवालीने खरं काय ते सांगितलं, आणि तो म्हणाला, असू देत, जुनी दारंच तर घेतोय. पहिलं दार चौकटीत उभं केलं तर ते खाली घासायला लागलं. माप दिल्यानंतर या गृहस्थाने नवी फरशी घातली होती आणि सांगायचं विसरला होता.

"खालून थोडं काढा की," घरमालक म्हणाला. "दिसतंयच."

मुलाने दार आडवं केलं, पेन्सिलीने रेघ मारली, गुडघ्यावर बसला आणि करवत रेघेवर ठेवली. हात पुढे जाणार, तेवढ्यात थांबला. त्याने मान वळवून दारवालीकडे बघितलं. ती खोलीच्या पलीकडे भिंतीला टेकून उभी होती.

"आई," त्याने विचारलं, "कापू का?"

"कापा हो, किती उशीर," घरमालक म्हणाला.

"थांबा जरा. आईला विचारतोय मी."

दारवालीला उत्तर जागच्या जागी ठाऊक होतं. रेघ बरोबर होती, तिला तिथूनही दिसत होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण राग अजून पुरता गेलेला नव्हता.

"थांब," ती म्हणाली. "मला बघू दे आधी."

आणि करवत तशीच धरून बसलेल्या मुलाकडे, काठी टेकत, अजिबात घाई न करता ती चालत गेली.